सीलबंद टोमॅटो

सेंद्रिय भाजीची पहिली टोपली घरात आली तेव्हा तराजूसाहेबांनी एकच प्रश्न विचारला.

"वजन किती?"

"वजन नसतं त्याला," बायको म्हणाली. "टोपली असते. टोपलीचा दर."

या उत्तराने साहेबांचं काय झालं असेल ते कळायला त्यांची नोकरी ठाऊक हवी. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांत जाऊन काटे तपासायचे, खरा निघाला तर शिक्का मारायचा, खोटा निघाला तर तार ओवून शिशाचं सील ठोकायचं आणि मग दुकानदाराचं तोंड बघत उभं राहायचं, यात त्यांची उमर गेली होती. दारावर त्यांचं खरं नाव लावलेलं होतं, पण इमारतीत लहानथोर सगळे त्यांना तराजूसाहेबच म्हणत. अशा माणसाच्या स्वयंपाकघरात कुणी न मोजता, न जोखता, नुसती टोपली आणून ठेवतं म्हणजे काय! आणि तिच्या पैशांत बाजारातल्या दोन पिशव्या शिगोशीग भरल्या असत्या.

"पण औषधं मारलेली नाहीत त्यावर," बायको म्हणाली. "लेकीच्या अंगावर सारखं पुरळ येतं. आईंचं वय झालं. मी म्हणते चार पैसे जास्त गेले तर गेले."

"मग आजवर आपण काय विष खाल्लं?"

"तेच तर कळत नाही ना."

इथे साहेबांनी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसण्याइतकं सोपं काम माणसाला सहसा जमत नाही.

खरी गोष्ट अशी, की पैशांचं नुसतं निमित्त होतं. साहेबांचं दुखणं वेगळ्याच ठिकाणी होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. घरात त्यांचं कुणी ऐकत नसे. लेक कानांत काहीतरी खुपसून बसे. बायको 'हं' म्हणे, पण ते 'हं' त्यांच्या बोलण्याला असतं की कुकरच्या शिट्टीला, हे त्यांना कधी उमगलं नव्हतं. ऑफिसात वरचे साहेब होते. उरला रोजचा भाजीबाजार, जिथे साहेब दर रविवारी जात. तिथे मात्र ते दोन पिशव्या घेऊन गल्लीत शिरले की ओळीने काटे सरळ होत, वजनांवरची माती पुसली जाई आणि 'या साहेब, या साहेब' सुरू होई. आठवड्यातला हा एक तास ते राजासारखे जगत. टोपली दर आठवड्याला दारात येऊ लागली तर त्या राज्याचं काय? हे बायकोला सांगणं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचं हसं करून घेणं. म्हणून साहेब पैशांवर बोलत राहिले.

भांडणाचा आवाज जिन्यात गेला आणि जिन्यातून सल्लागार घरात आले.

पहिले आले खालच्या मजल्यावरचे दातवाले डॉक्टर. त्यांचं म्हणणं, सेंद्रिय गाजर दाताला चांगलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही. पाठोपाठ आल्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई. त्यांनी सांगितलं की आमच्या लहानपणी सगळंच सेंद्रिय होतं, आणि आम्ही सारखे आजारी असायचो. शेवटी आले सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचं खिळे, स्क्रू आणि कड्याकोयंड्यांचं दुकान होतं. मागे कधीतरी साहेबांनी त्यांचा खिळ्यांचा काटा सील केला होता. तेव्हापासून सेक्रेटरी साहेबांशी फार गोड बोलत.

"एवढं काय भांडता? परीक्षा घ्या," सेक्रेटरी म्हणाले. "आजींची जीभ घरात असताना काळजी कसली?"

साहेबांच्या आईची जीभ इमारतीत प्रसिद्ध होती. घरात काहीही शिजलं की बायको चमचाभर घेऊन त्यांच्याकडे जाई. आई डोळे मिटून चाखत आणि म्हणत, "मीठ किंचित कमी आहे." मग मीठ पडे. हा रिवाज इतका पक्का होता की शेजारपाजारचे लोकही पाहुणे यायचे असले की वाटीभर काहीतरी आजींना चाखायला आणून देत.

तर ठरलं ते असं. साहेबांनी बाजारातले टोमॅटो आणायचे, बायकोने सेंद्रिय. आईने न बघता दोन्ही चाखायचे. सेंद्रिय टोमॅटो चांगले ठरले तर टोपली कायमची आणि रविवारचा बाजार बंद. बाजारचे चांगले ठरले तर टोपलीचं नाव काढायचं नाही. परीक्षा शनिवारी सकाळी.

"सगळ्यांसमोर," सेक्रेटरी म्हणाले. "म्हणजे मागाहून कुणी काही म्हणायला नको."

साहेबांनी मान डोलावली. पण त्यांना झोप लागेना. त्याला कारणही होतं. पहिल्या टोपलीतला एक टोमॅटो त्यांनी, घरात कुणी नाही असं बघून, मीठ लावून खाल्ला होता. आणि तो फार चांगला लागला होता. इतका चांगला की त्यांना त्याचा राग आला होता.

शुक्रवारी ऑफिसातून येताना साहेबांनी वाट वाकडी केली. डोक्यावर टोपी घातली, कॉलर वर केली आणि सेंद्रिय भाजीच्या दुकानात शिरले. दुकान म्हणजे एका घराचा पुढचा व्हरांडा. टोपलीवाल्या ताई स्वतःच्या शेतातला माल तिथे मांडून बसत. त्यांनी टोमॅटोंची छोटी टोपली पुढे केली.

"वजन?" साहेबांच्या तोंडून निघून गेलंच.

"वजन करत नाही मी. टोपली भरते."

यावर गुपचूप पैसे देऊन निघावं की नाही? पण साहेबांच्या खिशात ताणकाटा असे, दुसऱ्याच्या खिशात जसा रुमाल असतो. त्यांनी तो काढला, टोपली आकड्याला लटकवली आणि काटा बघितला. माल भरपूर होता. बाजारात एवढ्या पैशांत याहून जास्त आला असता, ते खरं. पण टोपली बघून वाटत होतं त्यापेक्षा हा नक्कीच जास्त होता. साहेबांना काही खोट काढता आली नाही, म्हणून ते जरा खट्टूच झाले. घरी येऊन त्यांनी ते टोमॅटो बाजाराच्या पिशवीत घातले. पिशवीत सेंद्रिय, बाहेर नाव बाजाराचं. आता आईने हीच पिशवी चांगली म्हटली की राज्य वाचलं. असत्याचा हा प्रयोग करताना त्यांना लाज वाटली, पण फार वेळ नाही.

संध्याकाळी सेक्रेटरी हजर, मागोमाग दातवाले डॉक्टरही. "दोन्ही पिशव्या आत्ताच ताब्यात देता का? म्हणजे रातोरात काही अदलाबदल नको."

चोराच्या मनात चांदणं. साहेब जरा जास्तच ताठ झाले. "माझ्यावर अविश्वास? या हातांनी अख्ख्या शहराचे काटे बंद केलेत." आणि त्या रागाच्या भरात, वर्षानुवर्षांच्या सवयीने, हात आपोआप ऑफिसच्या पिशवीकडे गेला. तार निघाली. ती दोन्ही पिशव्यांच्या बंदांतून ओवली गेली. शिशाची गोळी बसली. पकड दाबली. कट्. पुन्हा एकदा, कट्.

सरकारी शिक्का टोमॅटोंवर उमटला.

 मग दातवाले डॉक्टर हळूच म्हणाले, "आता हे उघडणार कोण?"

 खात्याचं सील म्हणजे खात्याचं सील. ते तोडायचं तर वरिष्ठ अधिकारी समोर हवा, दोन पंच हवेत आणि माल ज्याच्याकडून आला तो विक्रेताही हजर हवा. स्वतःच तोडलं तर गुन्हा. हे दुकानदारांना साहेबांनी किती वेळा सुनावलं होतं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"कात्रीने कापू या की," लेक म्हणाली.

"छे छे," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांचा आवाज मधासारखा झाला. "कायदा आहे. माझा काटा सील झाला तेव्हा मीही म्हटलं होतं, साहेब, आतली पाल तेवढी काढू द्या. साहेब काय म्हणाले होते? 'सील हे सील असतं.' बरोबर ना साहेब?"

"बरोबर," साहेब म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

शनिवारची परीक्षा हुकली. सोमवारी साहेब अर्ज घेऊन मोठ्या साहेबांपुढे उभे राहिले. मोठ्या साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"माल: टोमॅटो. जप्तीचं कारण…" त्यांनी वर पाहिलं. "'घरगुती मतभेद' असं लिहिलंय तुम्ही?"

"दुसरं काही बसेना, सर."

"कशावरून मतभेद?"

साहेबांनी सांगितलं. ऐकता ऐकता मोठ्या साहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. त्यांच्याही घरी म्हणे मुलगा आणि सून सेंद्रियचा हट्ट धरून बसले होते आणि त्यांना स्वतःला गेले दोन महिने जेवण गोड लागत नव्हतं. घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय! "हे नियमानेच करू," ते म्हणाले. "मी स्वतः येतो. निकाल मलाही हवाय. विक्रेत्यांना बोलावून घ्या."

"विक्रेत्यांची काही गरज नाही, सर. साधाच मामला आहे."

"अहो, नियम तुम्हीच नव्या लोकांना शिकवता. माल ओळखायला विक्रेता लागतोच."

 आता साहेबांना आधार एकच होता: त्या दिवशीची टोपी.

आठवडाभर पिशव्या कपाटात राहिल्या. सगळी इमारत त्यांच्या तब्येतीची चौकशी करून जात होती. मास्तरीणबाई म्हणाल्या, जी पिशवी आधी सडेल ती सेंद्रिय, कारण चांगलं ते टिकत नाही. डॉक्टर म्हणाले, जी आधी सडेल ती बाजारची, कारण वाईट ते टिकत नाही. दोघेही रोज येऊन वास घेऊन जात आणि दोघांनाही आपलंच खरं वाटे. बायको मात्र या दिवसांत चमत्कारिक वागत होती. कपाटापाशी जायची, पिशव्यांकडे बघायची, उसासा टाकायची. एकदा म्हणाली, "अहो, जाऊ दे का हे सगळं?" साहेबांना वाटलं, हरण्याची भीती वाटते हिला. त्यांना तेवढंच बरं वाटलं.

पंचनाम्याच्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पंच म्हणून डॉक्टर आणि मास्तरीणबाई. सेक्रेटरी उगाचच. आई मधल्या खुर्चीत, नवं पातळ नेसून. एका बाजूला बाजारचा मिशीवाला भाजीवाला, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. दुसऱ्या बाजूला टोपलीवाल्या ताई. साहेब कपाटाच्या आडोशाला, ताईंकडे पाठ करून.

मोठ्या साहेबांनी सील बघितलं, शाबूत आहे म्हणाले, तोडलं. पहिली पिशवी रिकामी झाली. टोमॅटो सुरकुतले होते, दोनचार गेले होते, पण बाकीचे खाण्याजोगे होते.

"पिशवी पहिली. बाजारचा माल. विक्रेता कोण?"

मिशीवाला पुढे आला, एक टोमॅटो उचलला, वळवून बघितला. "हा आपला माल नाही, साहेब."

"नीट बघा."

"काय बघायचं? आपण देठ ठेवत नाही. देठाने दुसऱ्या टोमॅटोला भोक पडतं."

"अगंबाई," टोपलीवाल्या ताई म्हणाल्या, "देठवाले माझे. माझेच आहेत हे!"

सगळ्यांनी दुसऱ्या पिशवीकडे पाहिलं. ती उघडली. लालचुटुक, गोल, एकसारखे, एकालाही देठ नाही. मिशीवाल्याचा चेहरा फुलला.

"हे बघा! हा आपला माल. वहिनींना मीच एकेक निवडून दिला."

"कुठल्या वहिनींना?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

मिशीवाल्याने बोट दाखवलं. बोट साहेबांच्या बायकोवर स्थिर झालं.

बायको भिंतीला टेकली. मग म्हणाली, "त्या आठवड्याचे टोपलीतले सगळे किडके निघाले हो. एकाला तर अळी होती. आई नुसता हात लावूनच नापास करतील असं वाटलं मला. म्हणून बाजारात गेले."

हॉलमध्ये हास्याचा फवारा उडाला. साहेबही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, आणि तिथेच चुकले. त्या हसण्याने ताईंनी मान वळवली.

"तुम्ही टोपीवाले ना? टोपली आकड्याला लटकवून बघणारे?"

साहेब म्हणाले, "कोण टोपीवाला?"

"अहो, असं गिऱ्हाईक जन्मात विसरणार नाही मी. खिशातून काटा काढणारा दुसरा माणूस आहे का या शहरात?"

या प्रश्नाचं उत्तर खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सेक्रेटरींनी तर खाली बसून घेतलं, त्यांना हसून उभं राहवेना. नवऱ्याने बाजाराच्या नावावर सेंद्रिय आणलं होतं, बायकोने सेंद्रियच्या नावावर बाजारचं, आणि दोघांनी ते सरकारी सीलखाली आठवडाभर जपलं होतं. साहेबांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण घर तिसऱ्या मजल्यावर होतं.

मिशीवाल्याला मात्र यात हसण्यासारखं काही दिसेना. तो मोठ्या साहेबांना समजावून सांगत होता. "वहिनी पहिल्यांदाच आल्या. तराजूसाहेबांच्या घरच्या म्हटल्यावर सगळी गल्ली उठली. मी माझं स्टूल दिलं त्यांना. अहो, साहेब येतात म्हणून आमच्या गल्लीत गिऱ्हाईक येतं. लोकांना ठाऊक आहे, इथे काटा खरा."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. साहेब सीलची तुटलेली तार बोटाला गुंडाळत होते.

"पंचनामा अर्धवट राहत नाही," मोठे साहेब म्हणाले. "कुणी का आणले असेनात, टोमॅटो दोन प्रकारचे आहेत. आजी, चाखा."

ताटलीत दोन फोडी आल्या.  आईने डोळे मिटले, पहिली फोड तोंडात घातली, हळूहळू चघळली. पाणी प्यायल्या. दुसरी घातली. मोठे साहेब श्वास रोखून पुढे झुकले होते. त्यांच्या घरचं भांडणही या जिभेवर टांगलेलं होतं.

आईने डोळे उघडले. "दोन्हींत मीठ किंचित कमी आहे."

"आजी," डॉक्टर म्हणाले, "मीठ घातलेलंच नाही."

"मग बरोबरच सांगितलं की," आई म्हणाल्या.

त्यानंतर जो कल्ला झाला त्यात पंचनाम्याचा शेवट कसा झाला ते कुणाला धड कळलं नाही. मोठ्या साहेबांनी 'चवीबाबत निर्णय नाही, माल उपस्थितांनी खाऊन संपवला' असं लिहिलं आणि निघताना दोन्हीकडचे दोन दोन टोमॅटो खिशात घातले. ताई आणि मिशीवाला जिन्यात बोलत उभे राहिले. देठ ठेवावा की नाही यावर त्यांचं जुंपलं होतं.

गर्दी पांगल्यावर साहेब आईला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेले.

"आई, खरं सांग. फरक कळला का?"

आईने दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "कवळी बसवल्यापासून मला सगळं एकच लागतं रे."

"अगं, पण रोज तू सांगतेस ना, मीठ…"

"काहीतरी सांगायला हवं ना. मी चाखते म्हणून तुझी बायको दिवसातून दोनदा माझ्यापाशी येऊन उभी राहते. नाहीतर या खुर्चीकडे कोण फिरकतंय?" त्यांनी पदर नीट केला. "बोलू नकोस कुठे."

साहेबांना एकदम भरून आलं. ज्या माणसाने जन्मभर खोटे काटे पकडले, त्याच्या घरातच सगळ्यात मोठा खोटा काटा होता. आणि तो सील करायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. त्यांनी आईच्या हातावर हात ठेवला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात भाजी शिजत होती. देठवाले आणि बिनदेठाचे जे काही उरले होते ते सगळे टोमॅटो एकाच पातेल्यात पडले होते. बायकोने चमचाभर घेतलं, फुंकर घातली आणि आईंच्या खुर्चीपाशी गेली.

"आई, बघा बरं."

आईने डोळे मिटले. "मीठ किंचित कमी आहे."

"हो का? घालते हं." बायको ओट्यापाशी आली. साहेब दारात उभे होते, त्यांना नीट दिसलं. तिने मिठाच्या बरणीत चमचा घातला, तसाच कोरा बाहेर काढला, पातेल्याच्या काठावर दोनदा टकटक आपटला आणि भाजी ढवळली. मग दुसऱ्या चमच्यात थोडी घेऊन पुन्हा खुर्चीपाशी गेली.

"आता?"

"आता कशी बरोबर झाली," आई म्हणाल्या.

साहेब बायकोकडे बघतच राहिले. कधीपासून चाललं होतं हे?

ती ओटा पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "टोपली येऊ दे बुधवारी. लेकीपुरती आणि आईंपुरती. बाकीचं रविवारी तुम्हीच आणा. बाजारात तुमचा एवढा मान आहे, कधी बोलला नाहीत ते."

"विचारलं कुणी?"

"बरं, आता विचारते. या रविवारी लवकर जा मात्र. तुम्ही नसलात की काटे खोटे पडतात तिथले."

साहेबांची छाती फुगली. मग त्यांना तो कोरा चमचा आठवला, आणि फुगलेली छाती मध्येच थबकली. हिने आत्ता हे बोलून आपल्या पातेल्यात मीठ घातलं, की नुसताच चमचा आपटला? विचारावं असं फार वाटलं. पण समोर ताट आलं होतं, आई जेवायला हाक मारत होत्या, आणि खरं सांगायचं तर चव अगदी बरोबर लागत होती.